पावलांचं पान

"बोळा टाकायच्या आधी बघायचा असतो, केते," कुमुदआत्या म्हणाली होती. "पिवळा आहे की हिरवा, पातळ आहे की घट्ट, वास कसला येतोय. न बघता टाकलास, तर जखम जे सांगत होती ते सगळं कचऱ्यात गेलं."

"आत्या, मी जेवतेय!" केतकीनं ताट पुढं सरकवलं होतं.

"मग जेव की. मी एकतीस वर्षं दिवसभर पू पुसून घरी येऊन श्रीखंड खाल्लंय. मला काय धाड भरली?"

संक्रांतीला आत्याला चार दिवस कोल्हापूरला घरी आणलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. विषय निघाला होता तो केतकीच्या कामावरून. फोटोतले डाग आता आपोआप पुसले जाणार, आपल्याला बोटसुद्धा लावावं लागणार नाही, असं ती कौतुकानं सांगत होती. आत्याची नजर साखरेच्या आजारानं पार अधू झालेली. तिनं लॅपटॉप नाकाजवळ धरून पाहिला आणि विचारलं, "हे पुसायच्या आधी कुणी बघणार का?"

"आत्या, ही वेबसाइट आहे. तुझा वॉर्ड नाही."

केतकी स्वतःच्याच वाक्यावर हसली होती. पुढं ते हसू आठवलं की तिला स्वतःचीच किळस यायची.

कुमुद मगदूम ही केतकीच्या वडिलांची बहीण. केतकी सहा वर्षांची असताना तिची आई गेली, आणि जत तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या या बिनलग्नाच्या आत्यानं तिला वाढवलं. आत्याला कशाचीच किळस नव्हती आणि केतकीला सगळ्याची होती. चहाच्या कपावरचा ओठाचा ठसा, वेणीत अडकलेला भाताचा कण, भिंतीवर मारलेल्या डासाचं रक्त. कॉलेजात ती वेब डिझाइनकडे वळली त्यामागं हेही एक कारण होतं. तिथं कशालाच वास नसतो.

आत्याचे डोळे गेले, पायांची संवेदना गेली, तेव्हा केतकी गरोदर होती. तिनं बारा वृद्धाश्रमांची माहिती काढली आणि मिरजेबाहेरचं 'ऊबघर' निवडलं. का, तर तिथं प्रत्येकाचं वेबसाइटवर स्वतःचं पान होतं. रोज सकाळी चेहऱ्याचा फोटो, ताटाचा फोटो, आणि साखरेचा आजार असलेल्यांच्या दोन्ही पावलांचा फोटो. अशा रुग्णाच्या पायात खिळा घुसला तरी त्याला कळत नाही, म्हणून पाय रोज कुणीतरी बघावा लागतो. ऊबघरचे डॉक्टर महिन्यातून दोनदा येत, एरवी ते या पानावरच पाय तपासत. घरच्यांनाही दिसे. केतकीला हे इतकं पटलं की ऊबघरला पानं सांभाळायला माणूस हवंय कळल्यावर तिनं ते काम स्वतःच घेतलं. घरबसल्या, बाळाजवळ बसून करता येण्यासारखं.

माणसं शहाण्णव, त्यातले साखरेचे एकेचाळीस. दररोज सव्वादोनशेच्या वर फोटो. प्रत्येक फोटो कापायचा, उजळायचा, लहान करायचा, नाव-तारीख घालायची, ज्याच्या त्याच्या चौकटीत बसवायचा. सव्वादोनशे वेळा तेच ते, आणि मांडीवर नऊ महिन्यांची रेवा. त्यात ऊबघरचे व्यवस्थापक चौगुले सर फोनवर येत.

"मॅडम, लोक नाश्ता करताना पान उघडतात हो. समोर पोहे आणि पानावर भेगाळलेल्या टाचा. चादरीवर वरणाचे डाग, माश्या. एका सुनेनं तक्रार केली. जरा प्रसन्न करा ना."

"करते सर," केतकी म्हणाली. तिला ते मनापासून पटलं होतं. त्या माश्या तिलाही बघवत नव्हत्या.

तिच्या सॉफ्टवेअरमधली 'सराव' ही सोय तिनं याचसाठी चालू केली.

आधीच्या काळात डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय असे, की तुम्ही एक काम करून दाखवायचं, ते नोंदवून घेतलं जाई आणि मग पुढच्या शंभर फोटोंवर जसंच्या तसं केलं जाई. पण ती नोंद आंधळी होती. डाव्या कोपऱ्यातला डाग पुसलात, तर ती प्रत्येक फोटोचा डावा कोपराच पुसणार, मग तिथं डाग असो की कुणाचं नाक. सरावचं तसं नव्हतं. तुमचा हात कुठं गेला याच्याशी त्याला कर्तव्य नसे. तो कशासाठी गेला, हे तो शोधे. चाळीस-पन्नास फोटोंवर तुम्ही काय काय पुसलंत ते शेजारी ठेवून, या माणसाला काय बघायला आवडत नाही याचा तो अंदाज बांधे. आणि पुसलेल्या जागी भोक राहत नसे. आजूबाजूला काय आहे ते पाहून तिथं काय असायला हवं होतं, ते तो भरे. चादरीच्या जागी चादर, कातडीच्या जागी कातडी. सुरुवातीला तो दर वेळी विचारे. तुमचं उत्तर सारखं 'हो' येऊ लागलं की विचारणं कमी करे.

केतकीनं त्याला फेब्रुवारीतल्या एका सकाळी शिकवलं. वरणाचे डाग पुसले, माश्या पुसल्या, फरशीवरची पानाची पिंक पुसली. साड्यांवरचे हळदीचे डाग तर ढीगभर होते. मग आत्याच्या पावलांचा फोटो आला. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी हळदीचा एक पिवळा ठिपका. जेवताना सांडलं असेल, असं म्हणत तिनं तोही पुसला. रेवा किरकिरत होती. पडद्यावर प्रश्न आला: 'कातडीवरचे असे डागही काढायचे?' तिनं 'हो' दाबलं. 'यापुढे न विचारता?' रेवानं त्याच वेळी तिचा कानातला डूल ओढला. 'हो.'

चपलेच्या पट्ट्यानं आत्याचा अंगठा कापला होता. जखमेवर पहिल्यांदा आपण जे लावतो तेच तिनं, रोज फोटो काढणाऱ्या सेविका शेवंताबाईकडून, लावून घेतलं होतं. ऐंशी वर्षांचं शहाणपण पिवळ्या रंगात पायावर दिसत होतं, आणि केतकीनं ते वरण समजून पुसलं.

पानं सुंदर दिसू लागली. घरच्यांचे निरोप येऊ लागले, गुलाबाची चित्रं, लाल बदाम. 'बाबांचे पाय किती छान ठेवलेत!' चौगुले सरांनी केतकीला पेढे पाठवले.

मार्चच्या शेवटी आत्याचा फोन आला.

"केते, माझ्या पायाला काहीतरी झालंय. वास येतोय."

केतकीनं लगेच पान उघडलं. दोन पावलं, स्वच्छ, गुलाबीसर. "काही नाही झालेलं. आत्ता माझ्यासमोर आहेत तुझे पाय. चकाचक आहेत."

"मला ठाऊक आहे हा वास. गँगरीनच्या वॉर्डात मी चार वर्षं काढलीत."

"आत्या, शेजारच्या पलंगाचा येत असेल."

"शेवंता म्हणती काळं दिसतंय."

"शेवंताबाईंना काय कळतंय? डॉक्टर रोज बघतात ना पानावर."

आठवड्यानं पुन्हा फोन. या वेळी आत्याचा आवाज लहान झाला होता. डॉक्टर येऊन गेले म्हणे. खुर्चीत बसवूनच विचारपूस केली, पान उघडून बघितलं आणि म्हणाले, आजी, तुमचे पाय तर शाळकरी पोरीचे आहेत. वासाबद्दल सांगितलं तर रात्रीची एक गोळी लिहून दिली. या वयात नसलेले वास येतात म्हणे.

"असेलही," आत्या म्हणाली. "डोळे गेले तसं नाकही गेलं असेल. तू बघतेयस ना पण रोज?"

"रोज बघते."

"मग झालं तर."

एकतीस वर्षं नोकरी केलेल्या नर्सनं स्वतःच्या नाकावरचा विश्वास सोडला, कारण केतकी रोज बघत होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रेवाच्या मांडीवर पुरळ उठलं. लाल, खडबडीत, कडेला पांढुरके फोड. केतकीचा जीव वरखाली झाला. बाळाच्या बाबतीत ती डोळ्यांत तेल घालून असायची. शी कोणत्या रंगाची झाली हेही वहीत लिहून ठेवायची. नवरा अभिनंदन कामासाठी हुबळीला. तिनं फोटो काढला. बालरोगतज्ज्ञांच्या पानावर मोठा फोटो जात नसे, म्हणून सवयीनं तो आपल्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून लहान केला आणि पाठवून दिला.

पाच मिनिटांत डॉ. आवटींचा फोन आला. "केतकी, पुरळ कुठंय?"

"मांडीवर, सर. उजव्या."

"तीच बघतोय. काहीच नाहीये गं. फोटो चुकला का?"

केतकीनं पडद्याकडे पाहिलं. रेवाची मांडी, गोरीपान, गुळगुळीत. पुरळ नव्हतं. जन्मापासूनचा तीळ नव्हता. मांडीवरची वळीसुद्धा अर्धी भरून काढलेली. दुकानात मेणाच्या बाहुल्या असतात, तसलं काहीतरी. आणि खाली तिच्या कुशीत खरी मांडी, लालभडक, खाजवून ओली झालेली.

"केतकी? ऐकतेयस ना?"

"सर, मी दुसरा पाठवते. फोनवरूनच पाठवते." पुरळ घामोळ्याचं निघालं, मलम लावलं की जाणारं. पण तोवर केतकी पुरळाचा विचारच करत नव्हती.

शेवंताबाई फोनवर काढी ते मूळ फोटो पंचेचाळीस दिवस एका फोल्डरमध्ये राहत. केतकीनं तो फोल्डर कधी उघडला नव्हता. उघडायची गरजच काय होती? तिनं आत्याचं नाव लिहिलं आणि पंचेचाळीस चित्रं एका ओळीत उभी राहिली.

पहिल्यात हळदीचा जाड थर आणि कडेला लाली. पाचव्यात हळद ओली, खालून काहीतरी झिरपतंय. बाराव्यात अंगठा जांभळा. विसाव्यात नखाच्या कडा हिरवट. तिसाव्यात काळा, वाळलेल्या खारकेसारखा सुरकुतलेला, आणि लाली घोट्यापर्यंत चढलेली. चाळिसाव्यात एक माशी. तीच माशी, जी बघवत नाही म्हणून तिनं सरावला शिकवलं होतं. शेवटच्यात माशीनं जे मागं ठेवलं होतं ते वळवळत होतं. फोटो स्थिर असूनही वळवळतंय असं केतकीला दिसलं.

ती न्हाणीघरात जाऊन ओकली. मग तोंड धुऊन परत आली, आणि फोल्डरच्या शेजारी आजचं पान उघडलं. गुलाबी अंगठा. गुलाबी नख. सरावनं नखाला हलकी चमकही दिली होती. तेव्हा तिला दुसऱ्यांदा उलटी झाली, आणि ही उलटी किड्यांमुळे नव्हती.

रेवाला कडेवर घेऊन ती विजेच्या एसटीनं मिरजेला निघाली. बसमधूनच ऊबघरला फोन लावला.

"मॅडम, पान तर स्वच्छ आहे," चौगुले सर म्हणाले.

"पान मी बनवते, सर! मी सांगतेय ते खोटं आहे. रुग्णवाहिका बोलवा."

"बघू, डॉक्टर गुरुवारी—"

तिनं फोन कापला आणि रुग्णवाहिका स्वतःच बोलावली.

ती ऊबघरला पोचली तेव्हा रुग्णवाहिका अजून यायची होती. व्हरांड्यातच वास आला. सडलेल्या बटाट्याचं पोतं उन्हात उघडावं तसा, आणि त्यावर उदबत्तीचा. खोलीत चार उदबत्त्या लावलेल्या. शेवंताबाई दारातच उभी होती, पन्नाशीची, पदर नाकाला लावलेली.

"आलासा ताई? लई येळ केलासा," ती म्हणाली. "दोनदा सांगितलं सायबास्नी. म्हटलं, आज्जीच्या पायाला किडं पडल्यात. त्यांनी मोबाइल माझ्या म्होरं धरला. म्हणालं, 'हे बघ, पाय कसा आहे. तुझे डोळे तपासून घे.' आता रोज फोटो मीच काढती. मला दिसतंय काळं, आणि पानावर दिसतंय गुलाबी. मला वाटाय लागलं, मलाच काय झालंय का काय."

आत्या पलंगावर बसली होती, हात मांडीवर, पाऊल फडक्यात गुंडाळलेलं. पावलांच्या आवाजावरून तिनं ओळखलं. "केते? बाळ आणलंस?"

"आणलंय." केतकीनं रेवाला शेवंताबाईकडे दिलं. खाली बसली. फडकं चिकटलं होतं. ते सोडवताना जे निघालं ते तिच्या बोटांना लागलं, गरम आणि चिकट. आयुष्यभर असल्या क्षणी ती उठून पळाली असती. तिनं बोळा घेतला, जखमेवरून फिरवला आणि टाकायच्या आधी डोळ्यांसमोर धरला.

"काय दिसतंय?" आत्यानं विचारलं. आवाज एकदम वॉर्डातला.

"हिरवट. मध्ये काळं. वर... किडे आहेत, आत्या."

"लाली कुठवर?"

"घोट्याच्या वर चार बोटं."

आत्यानं गुडघ्याखाली हात ठेवून पाहिला. "म्हणजे माझं नाक शाबूत आहे," ती म्हणाली. मग हात पुढं करून चाचपडत तिनं केतकीचं डोकं शोधलं. "गुडघ्याखाली जाईल पाय. रडू नकोस. बोळा टाक आता, बघून झालाय."

पाय दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. विष रक्तात उतरलंय, अठ्ठेचाळीस तास काही सांगता येत नाही, असं शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अभिनंदन हुबळीहून आला, त्यानं रेवाला घेतलं, आणि केतकी दवाखान्याच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसली. बाकीच्या चाळीसजणांचे मूळ फोटो तिनं एकेक करून बघितले. नजर न वळवता. दहाजणांच्या पायावर काही ना काही होतं. कुणाचं बोटांच्या बेचक्यात, कुणाचं टाचेला.

नऊ घरांचे फोन लागले. एक मुलगा चिडून म्हणाला, "अहो बाई, सकाळीच बघितले बाबांचे पाय." केतकीनं त्याला मूळ फोटो पाठवला. "निघतोच," तो म्हणाला. दहावा फोन लागला नाही, तो नंबरच बंद पडलेला. शेवंताबाईला बघायला पाठवावं म्हटलं, तर आज सकाळचे फोटो काढून झाल्यावर तिला कामावरून काढलेलं. जिल्हा कार्यालयात तक्रार दिली. पाहणीला माणूस पुढच्या आठवड्यात येणार होता.

चौगुले सरांचा फोन मात्र लागला. त्यांनीच केला होता.

"मॅडम, झालं ते वाईट झालं. पण ते मूळ फोटो काढून टाका. लोक घाबरतील. आणि दुरुस्ती तुमच्याकडून झालीय, हे विसरू नका."

"नाही विसरत," केतकी म्हणाली. "म्हणूनच काढणार नाही."

"मग संध्याकाळी सहाला तुमचा पासवर्ड बंद होईल."

साडेचार वाजले होते. तिनं सराव बंद केला आणि हातानं काम सुरू केलं. एक फोटो घ्यायचा, न कापता, न उजळता चौकटीत बसवायचा. बंद करूनही सॉफ्टवेअर दर वेळी अदबीनं सुचवत होतं: 'या फोटोत नको असलेले भाग सापडले. काढू?' नाही. 'काढू?' नाही. एकेचाळीस वेळा तेच ते. गुलाबी कातडी एकेक करून पानांवरून उतरत गेली, आणि प्रत्येक गुळगुळीत पाऊल जाताना केतकीला हायसं वाटत होतं. तिला आता त्या गुळगुळीतपणाचीच शिसारी येत होती.

पावणेसहाला तिनं सगळ्या पानांच्या माथ्यावर एक मजकूर टाकला.

'तुम्ही हे पान वाचताय. आजवर इथं पाहिलेले पाय खरे नव्हते. ते मी पुसत होते. माझी आत्या वास येतोय म्हणाली, आणि मी तिच्याऐवजी या पानावर विश्वास ठेवला. आजचे फोटो खरे आहेत, पण त्यांच्यावरही विसंबू नका. उठा आणि जा. मिरज लांब असेल तर जवळच्या कुणाला तरी पाठवा.

'आणि एक विनंती. नऊ नंबरच्या खोलीत अनसूया कुरणे राहतात. त्यांचं पान चौऱ्याहत्तर दिवसांत कुणी उघडलेलं नाही. त्यांच्या घरचा नंबर बंद आहे, आणि त्यांच्या डाव्या टाचेवर एक काळा ठिपका आहे. मला आत्याजवळून हलता येत नाही. तुम्ही तुमच्या माणसाकडे जाल, तेव्हा चार पावलं पुढं, नऊ नंबरच्या दारापर्यंत जा. अनसूयाबाईंना नावानं हाक मारा, त्यांना ऐकू कमी येतं. त्यांचा मोजा काढा. नाक धरू नका. बघा.'